दोन नोंदींच्या मधलं पाणी

नाना, चार वाजून पाच मिनिटं ही वेळ माझ्या डोक्यातून आलेली आहे.

तुझ्या मृत्यूच्या दाखल्यावर ती आहे. तुझ्या लेकीने, पल्लवीने, पुण्यातल्या तिच्या लोकांना निरोप पाठवला, त्यात ती आहे. गुरुजींनी तुझी तिथी काढली ती तिच्यावरूनच. आणि ती कुणीही पाहिलेली नाही. मी तर नाहीच.

हे तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, घाटावर लाकडं रचत होते तेव्हा. सगळे आपापलं काही ना काही तुझ्याशी बोलत होते. मी हात जोडून उभा राहिलो आणि मनातल्या मनातसुद्धा गप्प राहिलो. तू म्हणायचास, "मध्याच्या तोंडाला कुलूप नाही, त्याचं तोंडच कुलूप आहे." आज लिहितोय, कारण तू समोर नाहीस. असतास तर चहा मागवला असता, पाण्याकडे बघत बसलो असतो आणि उठून गेलो असतो. नोकरीतली एकोणीस वर्षं तेच केलं.

आपलं काम लोकांना सांगितलं की ते हसायचे. तापीच्या घाटावर मीटर-सेंटीमीटरच्या खुणांची उभी पट्टी, पावसाळ्यात दर तासाला तिच्यावर पाणी कुठवर आलंय ते पाहायचं, वहीत लिहायचं, फोनवरून वर कळवायचं. झालं काम. "म्हणजे नदीकडे बघत बसायची नोकरी!" माझा सासरा लग्नाआधी असंच म्हणाला होता. पण पुरात त्या पट्टीवरचा आकडा वाचणं सोपं नाही, हे तू शिकवलंस. पाणी एका ठिकाणी उभंच राहत नाही, वर-खाली वर-खाली. मी गोंधळून गेलो होतो. तू मागून माझी कॉलर धरलीस, मी पडू नये म्हणून, आणि कानाशी ओरडलास, "लाट पाहू नको! लाट कुठवर चढते अन् कुठवर उतरते ते पाहा, अन् थांब. दहा वेळा पाहा. मग लिही." तुझी ती कॉलरवरची मूठ मला अजून मानेशी जाणवते.

आणि दुसरा नियम. जी नोंद पाहिली नाही, त्या जागी आडवी रेघ. आकडा नाही, अंदाज नाही. आडवी रेघ.

आपला वाद तिथूनच सुरू झाला. पहिल्याच वर्षी तू वहीचं पान माझ्यापुढे धरलंस.

"दोनला एवढं, तीनला एवढं. अडीचला किती होतं?"

"मधेच कुठंतरी असेल."

"असेल नको. होतं का?"

"अरे नाना, नदी आहे ती. इथून तिथं जायला मधून जाणारच ना!"

"तू पाहिलं?"

"नाही."

"मग अडीच वाजलेच नाही आपल्यासाठी." आणि बिडी पेटवलीस, जसं काही नदीचाच निकाल लागला.

मी म्हणायचो वेळ धारेसारखी आहे, सलग, कुठं कापताच येत नाही. तू म्हणायचास वेळ टिपक्यांची आहे. टिपका, मग काही नाही, मग टिपका. मधली रेघ माणूस ओढतो, स्वतःच्या समाधानासाठी. तुझ्या मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा टक करून उडी मारायचा. "सांग, उडीत असताना काटा कुठं असतो?" मी म्हणायचो, "हवेत." तू म्हणायचास, "हवेत किती वाजलेले असतात?" वर्षअखेरीला आलेख काढायचा असायचा. तू टिंबं द्यायचास आणि पेन्सिल माझ्याकडे ढकलायचास. "टिंबं माझी. रेघ तुझी. उद्या कुणी विचारलं तर तू निस्तर."

मग ते ड्रमचं यंत्र आलं, कागदावर पेनने सलग रेघ ओढणारं. मी तर पेढे वाटायचा बाकी होतो. "बघ नाना, सलग! टिपके गेले तुझे!" आठवडाभराने तू तो कागद माझ्या तोंडापुढे नाचवलास. पेन अडकलं होतं. अख्खी दुपार रेघ सपाट. "तुझी नदी दुपारी झोपली होती काय रे?"

किती हसलो होतो आपण. त्यानंतरच्या पावसाळ्यात तेच वाक्य दुसऱ्या कुणाला ऐकावं लागलं, आणि ते माझ्यामुळे.

पल्लवी सहावीत होती त्या वर्षीचा पूर. यंत्र बिघडलेलं, सगळा भार पट्टीवर. मी दुपारी बारापासून ड्यूटीवर होतो. एकची नोंद घेतली. पाणी सकाळपासून एकाच चालीने चढत होतं, तासाला चार बोटं. वर बाजारात एका दुकानात मॅच लागली होती, शेवटच्या ओव्हर चालू होत्या. मी गेलो. परत आलो तेव्हा तीनला पाच मिनिटं कमी होती. तीनची नोंद घेतली. एक आणि तीन यांच्या बरोबर मधला आकडा काढला, दोनच्या रकान्यात लिहिला. लिहिण्याआधी त्यात दोन सेंटीमीटर घातले. अगदी मधला लिहिला असता तर बनवलेला दिसला असता.

हे दोन सेंटीमीटर लक्षात ठेव, नाना. पुढे लागतील.

चारला तू आलास. छत्री मिटलीस आणि पट्टीकडे न बघता पायऱ्यांकडे बघितलंस. पाण्यापासून पाच पायऱ्या वर काडीकचऱ्याची, फेसाची ओली रेघ होती. वरच्या कुठल्यातरी नाल्याचा लोंढा एकदम आला होता, चढला होता, उतरून गेला होता. एक आणि तीनच्या मधे. माझी सलग, सुबक, तासाला चार बोटांची नदी त्या पायरीवर खोटी पडून सुकत होती.

"दोनला पाहिलं?"

"पाहिलं."

तू माझ्याकडे बघितलंस. मग वहीकडे. मग म्हणालास, "बरं."

तेवढंच. विलासचं तुला त्या वेळी ठाऊक नव्हतं. तुझा धाकटा भाऊ विलास, नदीकाठच्या केळीच्या रानात बसून आपल्या घाटावरच्या चौकीवर फोन करायचा आणि पाण्याची चाल विचारायचा. तीनला त्याचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, "चाल बराबर आहे, घाई करू नको." लोंढा घाटावरून पुढे गेलेला, तिकडेच निघालेला. काठावरचं डिझेल इंजिन विलासच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. तुझ्या वडिलांनी चारचौघांत विचारलं, "झोपला होता काय रे?" विलास सांगत राहिला की चौकीवरून घाई नको म्हणाले. चौकीची वही सांगत होती की पाणी एका चालीने चढत होतं. वहीपुढे त्याचं कोण ऐकणार! त्याचं नाव घरात झोप्या पडलं. तुमच्या गावच्या, दापोऱ्याच्या पोरासोरांनाही ते माहीत होतं. तुझे वडील जाईपर्यंत त्याला त्याच नावाने हाक मारत होते, आणि तू ऐकत होतास, आणि तुला पायरीवरची रेघ माहीत होती.

तू मला वर कळवून घरी बसवू शकला असतास. विलासला नुसतं सांगू शकला असतास. काही केलं नाहीस. फक्त वाद चालू ठेवलास. मला वाटायचं हा बाबा त्या दिवसाचं विसरला. आता कळतं, प्रत्येक वेळी तू दार उघडून ठेवत होतास, की मध्या आज तरी आत येईल.

"मध्या, दोन नोंदींच्या मधे काय असतं, सांग बरं."

आणि मी तावातावाने केळ्यांचं सांगायचो. केळीचा घड कोठीत पिकायला ठेवला, हिरवा होता, पिवळा झाला. कोणत्या क्षणी झाला? असा क्षण दाखव. हळूहळू होतो, सलग होतो, म्हणजे वेळ सलग आहे! तू माझ्याकडे बघत राहायचास. "तू कोठीचं दार उघडतो तेव्हा होतो," म्हणायचास. आणि वाट बघायचास. मी चहाचा कप पुढे करायचो.

मग पुलाखाली रडार बसलं. दर पंधरा मिनिटांनी आकडा आपोआप वरच्या कचेरीत जायला लागला, कुणाच्याही मोबाइलवर दिसायला लागला. आपली पट्टी शेवाळून गेली. आपल्याला आत टेबलावर बसवलं. तू निवृत्त होताना एवढंच म्हणालास, "बघ, मशीन बी टिपकेच देतं."

आता तो दिवस.

तुझी फुप्फुसं दोन वर्षं हळूहळू दमत गेली. घरीच होतास, ऑक्सिजनच्या नळीवर. आजारपणातही वही सोडली नाहीस. बोटाला क्लिप लावायची, ऑक्सिजनचा आकडा बघायचा, वेळेसकट लिहायचा. वहिनींनी एकदा राहिलेली नोंद मागाहून भरली तर तू जीव एकवटून ओरडलास. वहिनींनीच सांगितलं मला. "म्हणे, सुमन, नाही पाहिलं तर आडवी रेघ मार. खोटं आयुष्य लिहू नको माझं."

श्रावण संपत आला होता. सकाळी डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस, फार तर उद्याचा. पल्लवी गाडीत होती, गाडी भुसावळच्या अलीकडे कुठंतरी खोळंबलेली. वहिनी दोन दिवस झोपल्या नव्हत्या. अडीचच्या सुमारास मीच म्हणालो, "वहिनी, तासभर पडा आत. मी आहे ना. काही वाटलं तर लगेच हाक मारतो." त्यांनी तुळशीपत्र घातलेली पाण्याची वाटी आणि चमचा माझ्या हाताशी ठेवला. "असं वाटलं की वेळ आली, तर आधी हे घाला. मग मला उठवा. अगदी माझ्यासाठी थांबू नका." एवढा भरवसा.

मी वहीत नोंदी घेत होतो, पंधरा-पंधरा मिनिटांनी. तुझ्या श्वासांमधल्या फटी मोठ्या होत चालल्या होत्या. आठ सेकंद. बारा. तुझ्याच घड्याळावर मोजत होतो. अठरा सेकंद काही नाही, आणि मग एकदम घशातून ओढून घेतल्यासारखा श्वास. प्रत्येक फटीत मला वाटायचं, हाच. आणि मग तू परत यायचास. नाना, तुझं म्हणणं मला त्या खाटेशेजारी पटलं. टिपका, मग काही नाही, मग टिपका. ते काही नाही मला बघवेना.

पावणेचारची नोंद लिहिली. श्वास मिनिटाला पाच. आणि उठून बाहेर ओट्यावर गेलो.

मला लघवीला लागली नव्हती. कुणाचा फोन आला नव्हता. वहिनी आत गाढ झोपल्या होत्या हे माहीत होतं. मी फक्त घाबरलो. शेवटचा कोणता ते पाहणारा माणूस मी असू नये, एवढंच मला हवं होतं. ओट्यावर उभा राहून मोबाइल काढला आणि नदीचा आकडा बघायला लागलो. तुझा जीव जात होता आणि मी तापीची पातळी बघत होतो. चारचा आकडा आला. मनाशी म्हणालो, अजून एक आकडा येऊ दे, मग आत जातो. पंधरा मिनिटं त्या पडद्याकडे बघत उभा होतो. सव्वाचारचा आकडा आला. मी आत गेलो. तुझ्या घड्याळात चार वाजून सोळा मिनिटं झाली होती. मी एक मिनिट थांबलो. दोन. पाच. फट संपली नाही.

पाण्याची वाटी तशीच होती. वर तुळशीचं पान तरंगत होतं.

मी काय केलं ते लिहितो. चमच्याने तुझे ओठ ओले केले, कारण वहिनी येऊन बघतील. वाटीतलं थोडं पाणी खिडकीतून बाहेर टाकलं. वहीत वेळ लिहिली, चार-पाच. बरोबर मधला, नुसतं चार, लिहिलं असतं तर बनवलेलं दिसलं असतं. म्हणून पाच मिनिटं घातली. मग हाक मारली, "वहिनी."

"गेले?"

"हो. आत्ताच. मला जागचं हलताच आलं नाही हो वहिनी, नाहीतर आधीच हाक मारली असती."

"पाणी?"

"घातलं."

त्या खाली बसल्या आणि तुझे पाय धरले. "एकटे नव्हते ना," एवढंच म्हणाल्या. "तुम्ही होता."

डॉक्टर आले, त्यांनी वेळ विचारली, मी सांगितली. संध्याकाळी पल्लवी आली. माझे दोन्ही हात धरून आपल्या इथल्या हिंदी-मराठीत म्हणाली, "काका, बाबांना तकलीफ झाली का? सच्ची बताओ." मी म्हणालो, "बिल्कुल नाही बेटा. दिवा विझावा तसे गेले." दिवा! मी तो विझताना पाहिलेला तरी होता का?

रात्री गुरुजींनी पंचांग काढलं. "दशमी चार वाजून नऊ मिनिटांपर्यंत. पुढे एकादशी. चार-पाच म्हणजे दशमीच." मग चुकचुकले. "चार मिनिटं! चार मिनिटांवर एकादशी होती हो. भाग्याचं मरण असतं ते." जमलेल्या बायका हळहळल्या. वहिनी त्याही परिस्थितीत म्हणाल्या, "राहू द्या. त्यांना उपास कधी झेपला? दशमीच बरी." कुणीतरी हसलं. मी भिंतीला टेकून बसलो होतो. तुझ्या नावापुढे जन्मभर लागणारी तिथी मी ओट्यावरून ठरवली होती. पुन्हा दोन सेंटीमीटर.

पुढचे बारा दिवस मी रोज आलो. दारात गणपती येऊन गेले, तुझ्या घरात सुतक. येणाऱ्या प्रत्येक माणसाला वहिनी तेच सांगायच्या. "भाऊजी होते ना जवळ. तुळशीचं पाणी घातलं त्यांनी. घोट गिळला म्हणे." घोट गिळला हे मी सांगितलं नव्हतं, नाना. ते त्यांनी स्वतःच घातलं. मी दिलेल्या दोन टिपक्यांमधे त्यांनी रेघ ओढली, आणि त्या रेघेवर त्या उभ्या होत्या. मी बोललो तर ती रेघ जाणार, आणि त्या कुठे उभ्या राहणार? हे मी स्वतःला रोज सांगत होतो. खरं सांगू? ते वहिनींसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त होतं.

बाराव्या दिवशी दुपारी गुरुजी आले. दरमहाच्या श्राद्धाच्या तिथ्या, वर्षश्राद्धाची तिथी, सगळं एका कागदावर लिहून देणार होते. विलास समोर बसला होता, मुंडन केलेला. क्रिया त्यानेच केली तुझी. गुरुजी बोलता बोलता लिहीत होते, "कै. अमुक अमुक, श्रावण वद्य दशमी…" आणि पेन थांबवून त्यांनी सहज विचारलं, "चार-पाच ना? पाहिलं होतं ना नीट?"

त्यांना तुझे शब्द माहीत असायचं काही कारण नव्हतं. पाहिलं? सतरा-अठरा वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी विचारणारा तू नव्हतास.

"नाही," मी म्हणालो.

गुरुजींना वाटलं मला ऐकू आलं नाही. "नाही, म्हणजे वेळ पाहिली होती ना?"

"मी खोलीत नव्हतो. ओट्यावर होतो. पावणेचारला जिवंत होते, चार-सोळाला नव्हते. मधलं मला माहीत नाही. चार-पाच मी बनवलं."

पल्लवी दारात उभी होती. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या.

"पाणी?"

"नाही घातलं. मागून ओठ ओले केले. तुम्हाला दिसावं म्हणून."

मग वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "बारा दिवस मी आल्यागेल्याला ते पाणी पाजत राहिले, भाऊजी."

मला तिथून पळायचं होतं. ओटा तीन पावलांवर होता. या वेळी बसून राहिलो. आणि विलासकडे वळून दोनच्या नोंदीचंही सांगून टाकलं. मॅच, मधला आकडा, पायरीवरची रेघ, फोनवर घाई नको म्हणालो ते. विलास डोक्यावरून हात फिरवत ऐकत होता.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला.

"नाही."

"मी जागाच होतो. फोन बी केला होता." त्याने गुरुजींना सांगितलं, मग पल्लवीला. "ऐकलं का? जागाच होतो मी." आणि हसायला लागला, आणि ते हसणं मधेच मोडलं. "बाप गेला ना हो मधुभाऊ. कोणाला सांगू आता? नानाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"अन् काऊन नाही सांगितलं त्यानं?"

याचं उत्तर तूच देऊ शकला असतास. मला वाटतं, तू पाहिली नव्हतीस ती नोंद. पायरीवरची रेघ पाहिली होतीस, पण दोनला मी कुठे होतो ते तू पाहिलं नव्हतंस. म्हणून तू आडवी रेघ मारलीस आणि मी येऊन ती भरेन म्हणून थांबलास. पण नाना, तुझ्या त्या थांबण्यात विलास भरडला गेला. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नसतं. आज म्हणतो. तुझा नियम वहीपुरता ठीक होता.

गुरुजी कावरेबावरे झाले होते. शेवटी म्हणाले, "बघा, वेळ अज्ञात असेल तर शास्त्रात सोय आहे. वद्य एकादशी घेता येते. इथं तर ती शक्यही आहे. एकादशीच लिहू. चांगलंच आहे की."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर जरा सुटका दिसली. माझ्याही. माझ्या पळण्यातून तुला एकादशी मिळणार होती.

"दुसरी कोणती?" वहिनींनी विचारलं.

"त्या महिन्याची अमावास्या. ज्यांचं कुणालाच माहीत नसतं, त्यांच्यासाठी."

"एकादशी लिहिली तर ती परत कुणीतरी ठरवलेलीच होईल. अमावास्या लिहा."

"श्रावणाची अमावास्या म्हणजे पोळा," विलास म्हणाला.

वहिनींनी पहिल्यांदा मान वर केली. "पोळ्याला त्यांनी कधी ड्यूटी केली का?" नव्हतीच केली. एकोणीसच्या एकोणीस पोळ्यांना तू दापोऱ्याला बैलांजवळ होतास आणि ड्यूटीवर मी. गुरुजींनी दशमी खोडली.

मग वहिनी उठल्या, आत गेल्या, आणि तुझी वही आणून माझ्यापुढे ठेवली. शेवटचं पान. पेन नव्हतं दिलं, ते मी खिशातून काढलं.

काल तेरावं झालं. वहिनींनी मला वाढलं. "जेवून घ्या," म्हणाल्या. भाऊजी म्हणाल्या नाहीत. पल्लवी निघताना पाया पडली, पण हात धरले नाहीत. विलास मात्र गावात ज्याला त्याला इंजिनाची गोष्ट सांगत सुटलाय, म्हणे.

आपला वाद अर्धाच राहिला, तर माझं शेवटचं ऐकून घे. तुझं खरं मानलं, की जे पाहिलं नाही ते वाजलंच नाही, तर मी सुटतो. त्या एकतीस मिनिटांत मग काही घडलंच नाही; तू मला हाक मारली नाहीस, पाणी मागितलं नाहीस, दाराकडे बघितलं नाहीस. म्हणून मी तुझं मानत नाही. अडीच वाजले होते, नाना. चार वाजले, चार-पाच वाजले, चार-नऊ वाजले, एकेक सेकंद सलग गेला, आणि तू त्या प्रत्येकातून गेलास, आणि मी भिंतीपलीकडे उभा होतो. चार-पाच लिहिलं होतं तोवर तू एकदाच मरत होतास. आता त्या अर्ध्या तासात कुठेही मरतोस, आणि मला ते कुठलंच मिनिट सोडून देता येत नाही.

पण वहीला तुझाच नियम. वहिनी समोर उभ्या होत्या तेव्हा मी चार-पाचवर काट मारली आणि पान पुन्हा लिहिलं. ते असं आहे.

पावणेचार. श्वास चालू. मी पाहिला.

चार-सोळा. श्वास नाही. मी पाहिलं.

मधे आडवी रेघ.